रुखवताच्या रीलमधले हात

माझ्या धाकट्या जावेचं म्हणणं असं की फोटोचा जमाना संपला. हे ती मला रोज ऐकवायची, कधी भाजी निवडताना, कधी जिन्यात, कधी माझ्याच घरी माझाच चहा पीत. "वहिनी, फोटोवर कोणी थांबत नाही. अंगठा वर करतात आणि पुढे जातात. रील बनवू या, रील."

आम्ही दोघी सीवूड्सला एकाच सोसायटीत राहतो. मी वरच्या मजल्यावर, ती खालच्या. मी रुखवतं करून देते. लग्नाच्या हॉलमध्ये मुलीकडच्यांनी जे टेबल मांडलेलं असतं, ज्याच्याभोवती बायका जमतात, ते टेबल माझं. त्यातही माझी खासियत म्हणजे सुपारीच्या बाहुल्यांचं अख्खं लग्न. सुपारीचं डोकं, काळ्या दोऱ्याचे केस, पैठणीच्या काठाच्या तुकड्याची साडी. नवरा-नवरी, मधे कुंकवानं स्वस्तिक काढलेला बोटभर अंतरपाट, तो धरणारे भटजी, मागे मामा, करवल्या, आणि एका कडेला पंगतीत जेवायला बसलेली मंडळी, त्यात एक जण वाढप्याला हातानं नको म्हणतोय. हे मी आईकडून शिकले. लग्न झाल्यावर हौस म्हणून केलं, आणि नवरा गेल्यावर त्याच हौसेवर घर चालवलं.

पेज जाऊ सांभाळते. सुई-दोऱ्याशी तिचं वाकडं आहे, हे ती स्वतःच सांगते. पण फोन हातात आला की ती कोणाला ऐकत नाही. कुठल्या वेळी टाकायचं, वर काय लिहायचं, कोणाला उत्तर द्यायचं आणि कोणाला नुसता बदाम, हे सगळं तिच्याकडे.

आमचं भांडण एकाच गोष्टीवर होतं. मी म्हणायची, रुखवत ही थांबून बघायची गोष्ट आहे. बायका टेबलाशी वाकतात, चष्मा काढून परत लावतात, शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणतात, अगं हिची नथ बघ. फोटोत ते जमतं. बघणारी हवा तेवढा वेळ घेते, दोन बोटांनी मोठं करून करवलीच्या गजऱ्यापर्यंत पोचते. व्हिडिओत कॅमेरा सरकत राहतो आणि मागे कुठलं तरी ढॅणढॅण गाणं. त्यात माझा वाढपी कोणाला दिसणार? यावर जाऊ म्हणायची, "तुमचा वाढपी फोटोत पण कोणाला दिसत नाहीये. बघायला माणूस तर आला पाहिजे."

मी बधले नसते. पण एके दिवशी तिनं मला खारघरच्या एका बाईचं पेज दाखवलं. तिचीही सुपारीचीच बाहुली. गोंदाचे धागे लोंबत होते, भटजींचं उपरणं उलट्या खांद्यावर, आणि नवरीच्या नाकात नथ नाही, नुसता लाल ठिपका. खाली कौतुकाचा पूर. कारण काय, तर रील. माझ्याकडे त्या वर्षी चौकशा रोडावल्या होत्या आणि ह्या ठिपकेवालीकडे रांग लागली होती. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आण तुझा फोन. नथ कशी घालतात ते दाखवते हिला."

अट एकच घातली. चेहरा नको, नुसते हात. मला त्या रीलवाल्या बायकांसारखं मान वेळावून बोलता येत नाही आणि यायलाही नको. जावेनं खिडकीशी टेबल ओढलं, पिठाच्या डब्यांवर फोन उभा केला आणि मी कामाला लागले. चिमट्यानं बारीक मोती उचलायचा, तारेत ओवायचा, तार वळवायची आणि सुपारीला अलगद टेकवायची. श्वास जरा रोखावा लागतो, नाहीतर मोती उडतो. नथ बसली की नवरीचा चेहरा बदलतो. का बदलतो ते मला आजवर कळलेलं नाही, पण बदलतो, आणि तो बदल त्या रीलमध्ये नेमका आला. गाणं मी लावू दिलं नाही. तारेला चिमटा लागल्याचा आवाज तेवढा ठेवला.

ते रील चाललं. म्हणजे असं चाललं की जाऊ लिफ्टची वाट न बघता जिन्यानं धापा टाकत वर आली. "वहिनी, अमेरिकेतून विचारतायत, अमेरिकेतून." मी चष्मा लावून कमेंटी वाचत बसले. किती सुबक. सुपारीला जीव आणलात. आमच्या आजीची आठवण झाली. मी खुलले, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं माझ्या कामाचं कौतुक झालं होतं, पण माझे हात कसे चालतात हे कोणी पाहिलं नव्हतं.

मग खाली एक कमेंट आली. काम सुंदर आहे, पण लग्नाच्या वस्तूला हात लावताना निदान बांगड्या तरी घालाव्यात, शुभकार्य आहे. त्याखाली दुसरीनं लिहिलं होतं, बहुतेक ताईंना चालत नसेल, समजून घ्या. सोबत जोडलेले हात. पहिलीचा मला राग आला, पण दुसरीचा जास्त आला. मी कोणाला काही समजून घ्यायला सांगितलं नव्हतं.

जाऊ म्हणाली, डिलीट करते. मी म्हटलं, राहू दे. तोपर्यंत मला वाटत होतं की हा प्रकार फोनच्या आतला आहे आणि तिथेच राहील.

दुसऱ्या दिवशी बेलापूरच्या बाईंचा फोन आला. त्यांच्या मुलीच्या लग्नाचं रुखवत माझ्याकडे अर्धं झालं होतं. बाई सरकारी ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर, बोलणं सफाईदार, केस आखूड. मुलीला घेऊन माझ्या घरी आल्या होत्या, पोहे खाऊन गेल्या होत्या. भिंतीवर माझ्या नवऱ्याचा हार घातलेला फोटो आहे, त्याच्याच खाली बसल्या होत्या. तेव्हा पत्रिका बघायचा विषय निघाला तर म्हणाल्या होत्या, आम्ही असलं काही मानत नाही.

"ताई, रील बघितलं हो. फारच छान," त्या म्हणाल्या. मग थोडं हवापाणी झालं. मग म्हणाल्या, "आमचं काही नाही हो. आम्ही मानतच नाही. पण मुलाकडचे जरा जुन्या वळणाचे आहेत."

"ते काही म्हणाले का?"

"नाही, अजून नाही. पण म्हणायला नको ना. तुम्ही असं करा, लग्न होईपर्यंत ते रील काढून ठेवा. फोटो टाका की, तुमचे फोटो किती सुंदर असतात. आणि हॉलवर मांडायला तुमच्या जाऊबाईंना पाठवा. त्यांनाही जमत असेलच."

मी म्हटलं, "तुम्ही घरी आलात तेव्हाही माझे हात असेच होते. पोहे मीच दिले होते तुम्हाला."

"तेव्हा आपल्या दोघीतिघींत होतं हो," त्या म्हणाल्या. आवाजात जराही ओशाळलेपण नव्हतं, समजूत घालत होत्या. "आता सगळे बघतात."

विचार करून सांगते म्हणून मी फोन ठेवला आणि सिंकमधली स्वच्छ भांडी परत घासायला घेतली. भांड्यांचा आवाज खाली गेला असणार, कारण जाऊ लगेच वर आली. सगळं ऐकून घेतलं आणि परत खाली गेली. आली ती हिरव्या बांगड्या घेऊन.

"वहिनी, टेन्शन घेऊ नका. रीलपुरत्या घाला. कोणाला काय कळतंय?"

मी तिला खुर्चीवर बसवलं आणि कपाटातून एक स्टीलची डबी काढली. रिकामी. ही डबी कसली ते तिला माहीत नव्हतं. नवरा होता तेव्हाही मी कामाला बसताना बांगड्या काढून ह्या डबीत ठेवायची. काच सुपारीवर आपटते, ओल्या रंगाला लागते, कामाचा विचका होतो. संध्याकाळी ऑफिसातून आला की तो डबी हलवून बघायचा. वाजली की म्हणायचा, बाईसाहेब अजून कामावर आहेत, आज चहा मीच टाकतो. तेव्हा कोणी रील काढलं असतं तरी हात असेच दिसले असते. तेव्हा ते कामाचे हात म्हटले असते, आज ते विधवेचे झाले. हे सगळं मी तिला सांगितलं. बांगड्या तिनं पदराखाली घेतल्या.

पण गप्प बसणं तिच्या स्वभावात नाही. "मग माझे हात घेऊ या का? काम तुमचं, हात माझे. मी नुसती शेवटची नथ टेकवते."

करून बघ, म्हटलं. तिनं बांगड्या चढवल्या, चिमटा धरला आणि मोती उचलायला गेली तर मोती टेबलाखाली. दुसरा उचलायला हात पुढे केला तर बांगड्यांनी भटजींना असा धक्का दिला की ते तोंडावर पडले ते थेट लाल रंगाच्या वाटीत. बाहेर काढले तेव्हा ते होळी खेळून आल्यासारखे दिसत होते. आम्ही दोघी पोट धरून हसलो. राग होता तिथेच होता, पण हसलो.

हसणं ओसरल्यावर ती भटजींचं तोंड पुसता पुसता सहज म्हणाली, "मग आपले फोटोच बरे. फोटोत हात दिसतच नाहीत."

ती बोलून गेली आणि मी तिच्याकडे बघत राहिले. इतके दिवस मी फोटोची बाजू घेऊन भांडत होते. रुखवत थांबून बघायचं असतं म्हणत होते, आणि ते खरंच आहे, आजही म्हणेन. पण फोटोनं आणखी एक सोय करून ठेवली होती, माझी नव्हे, लोकांची. त्यांना माझं काम हवं होतं आणि माझे हात नको होते, आणि फोटोत त्यांचं दोन्ही जमत होतं. हॉलवर कोणी विचारलं, कुणी केलं हो, तर उत्तर मिळायचं, आहेत एक सीवूड्सच्या. मांडून झालं की यजमानीणबाई मला प्रेमानं म्हणायच्या, तुम्ही दमला असाल, जेवणाचा डबा भरून देतो, घरी निवांत जेवा. मला ती माया वाटायची. काही वेळा ती माया असेलही. पण मुहूर्ताला थांबा, अक्षता टाका, असं मला कधी कोणी म्हटलं नाही, हे त्या दिवशी त्या रंगलेल्या भटजींसमोर बसून माझ्या लक्षात आलं.

हंगाम तोंडावर होता. एका घरानं काम परत पाठवलं की दुसरं घर विचारणार, का पाठवलं. आणि रुखवत हातचं गेलं तर माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. भीती वाटलीच. पण हात लपवून ते काम टिकवायचं, हे मला त्या भीतीपेक्षा जड वाटलं.

मी बेलापूरला फोन लावला. "रील राहील," मी म्हटलं. "मांडायलाही मीच येईन. रुखवत हवं असेल तर हे हात बरोबर येतील. चालत नसेल तर आजच सांगा, केलेल्या बाहुल्या मी ठेवून घेईन."

पलीकडून त्यांच्या मुलीचा आवाज येत होता, आई, काय झालं, काय म्हणतायत. शेवटी बाई म्हणाल्या, "बरं, या. पण जरा लवकर या. मुलाकडचे यायच्या आत आटपलं तर बरं."

मी लवकर गेले नाही. उशिराही गेले नाही. मांडायला जेवढा वेळ लागतो तेवढा धरून, गडद जांभळी साडी नेसून, जावेला आणि तिच्या फोनला घेऊन गेले. बेलापूरचाच हॉल होता, एसी इतका की गारठायला होत होतं. बाई सारख्या टेबलाशी यायच्या, घड्याळ बघायच्या आणि म्हणायच्या, "झालंच ना?" मी म्हणायची, "होतंय." पंगतीतल्या एकेकापुढे केळीचं पान मांडायचं असतं, तेही बाहुल्यांच्या मापाचं. त्याला घाई चालत नाही.

मी अंतरपाट लावत होते तेवढ्यात सनई वाजली आणि मुलाकडचे आले. बाईंनी माझं कोपर धरलं. "ह्या निघतच होत्या," असं त्या कोणीही न विचारता म्हणाल्या.

नवऱ्या मुलाची आई सरळ टेबलाशी आली. भरल्या अंगाची, मोत्याचा घसघशीत सेट, मनगटापासून वर हिरवा चुडा. वाकून बघायला लागली. करवल्या बघितल्या, गजरे बघितले, आणि वाढप्याला नको म्हणणाऱ्या माणसाशी थांबून हसली. तिथेच मला ती अर्धी आवडली. मग तिची नजर माझ्या हातांवर आली. माझ्या अंगठ्यापाशी जुन्या भाजल्याचा डाग आहे.

"तुम्ही त्या नथवाल्या रीलमधल्या ना?" ती म्हणाली. "डागावरून ओळखलं. आमच्या फॅमिली ग्रुपवर मीच पाठवलं होतं ते."

माझ्या कोपरावरची पकड एकदम सुटली. बेलापूरच्या बाई हसल्या, मोठ्या हसल्या, आणि आसपासच्यांना सांगायला लागल्या की ह्या आमच्याच, आम्हीच शोधून काढल्या. मी मनात म्हटलं, चला, जुन्या वळणाचे निघाले नाहीत.

पण गोष्ट तिथे संपली नाही. थोड्या वेळानं मुलाच्या आईनं मला सरबताच्या टेबलाजवळ बाजूला घेतलं. "माझ्या मुलीचं पुढच्या वर्षी करायचंय," ती म्हणाली. "रुखवत तुमच्याकडूनच. फक्त एक विनंती आहे हं, रागावू नका." आणि पुढचं वाक्य मला आधीच कळलं. तिला ते पूर्ण बोलू दिलं. "आमचं काही नाही हो. पण मुलाकडचे, त्यांचं सांगता येत नाही. आमच्या वेळी तुम्ही फोटोच टाका. व्हिडिओ नको."

मी हातातला सरबताचा ग्लास खाली ठेवला.

"ताई," मी म्हटलं, "आज इथे मुलाकडचे तुम्हीच आहात. ह्या बाई महिनाभर तुम्हालाच घाबरत होत्या."

तिनं वळून बेलापूरच्या बाईंकडे बघितलं. त्या आमच्या मागेच उभ्या होत्या, सगळं ऐकलेलं होतं. दोघी विहिणी एकमेकींकडे बघत राहिल्या. माझा राग तेव्हा खरा तर निवायला हवा होता. पण तो निवला नाही, त्याला काम सापडलं.

मी परत टेबलाशी गेले. आजूबाजूला बायका जमल्याच होत्या. जाऊ फोन घेऊन तयार होती. तिनं नेहमीच्या सवयीनं विचारलं, "वहिनी, फोटो घेऊ की व्हिडिओ?"

"व्हिडिओ," मी म्हटलं. मग दोघी विहिणींना हाक मारली. "इकडे या दोघी. तुम्ही नवरी धरा. तुम्ही नवरा धरा. अलगद, मान सैल आहे."

कॅमेरा चालू होता, बघायला हॉलभर बायका होत्या. नाही कोण म्हणणार? त्या आल्या. एकीनं दोन बोटांत नवरी धरली, एकीनं नवरा. अंतरपाट मी एरवी लावूनच ठेवते, तो कधी काढत नाही. त्या दिवशी मी तो दोन्ही टोकांना धरला, जरा थांबले आणि हळूच वर उचलून बाजूला घेतला. कोणीतरी मागून अक्षता टाकल्या. बहुधा नवरी मुलगीच होती, कारण तिच्या हातावर मेंदी होती.

मुहूर्ताला मी हॉलमध्येच होते. डबा भरून देऊ का, असं त्या दिवशी कोणी विचारलं नाही, आणि पंगतीत मी जिलबी मागून घेतली.

ते रील पेजवर सगळ्यात आधी दिसेल असं जावेनं वर अडकवून ठेवलं आहे. डावीकडे हिरव्या बांगड्या, उजवीकडे हिरव्या बांगड्या, आणि मधे माझे हात. खाली अजूनही बायका विचारतात, किती सुंदर, हे केलंय कुठल्या हातांनी? जाऊ प्रत्येकीला तेच उत्तर लिहिते. मधल्या.